मागणं आणि मानणं

७ मार्च २०२३. न्यूझीलंडमध्ये जनगणनेचा दिवस. रात्रीची जेवणं आटोपून आम्ही तिघं डायनिंग टेबलाशी आपापले फॉर्म ऑनलाइन भरत बसलो होतो. नाव, जन्मतारीख, कोणकोणत्या भाषा बोलता येतात, असे प्रश्न भराभर मागे पडले. धर्माच्या प्रश्नाशी मात्र आमची पंधरा वर्षांची लेक थांबली.

"बाबा, इथे काय लिहू?"

"हिंदू. त्यात विचारायचं काय?"

"पण इथे 'धर्म नाही' असाही पर्याय आहे. शिवाय 'उत्तर द्यायला माझी हरकत आहे' असाही आहे. माझ्या वर्गातले कितीतरी जण 'धर्म नाही' लिहिणार आहेत. ते निदान खरं तरी सांगतात."

"म्हणजे आपण खोटं सांगतो?"

"तसं नाही रे. पण तू देवावर खरंच विश्वास ठेवतोस, की फक्त गणपतीत आणि माझ्या परीक्षेच्या दिवशी?"

बायको खुदकन हसली. मला काही हसता आलं नाही. पुढे त्या जनगणनेचे आकडे आले, तेव्हा या देशातल्या निम्म्याहून अधिक लोकांनी, ५१.६ टक्के लोकांनी, 'धर्म नाही' असं लिहिल्याचं कळलं. पण माझ्या डोक्यात आकडे नव्हते, लेकीचा प्रश्न होता. कारण तो प्रश्न दोन वर्षांपूर्वी मी स्वतःलाच विचारायला हवा होता, आणि विचारला नव्हता.

मंडळी, मी काही अध्यात्मातला अधिकारी माणूस नाही. व्यवसायाने आयटी कन्सल्टंट. २००४ साली मास्टर्स करायला साताऱ्याहून ऑकलंडला आलो आणि आपल्यापैकी अनेकांसारखा इथलाच झालो. तेव्हा या विषयावर लिहितोय ते ज्ञान वाटायला नाही. माझ्या बाबतीत जे घडलं ते सांगतो. कदाचित तुमच्यापैकी कुणाला ते आपलंही वाटेल.

निघताना आईने बॅगेत एक कागदाची पुडी घातली होती. गावच्या ग्रामदैवताचा अंगारा. ऑकलंडच्या विमानतळावर बॅगांची किती कसून तपासणी होते, हे तुम्हाला मी सांगायला नको. तिथल्या बाईंनी पुडी उघडून विचारलं, "हे काय आहे?" मी म्हटलं, "राख." "कसली?" आता काय सांगणार? "देवाची," असं म्हणून गेलो. त्यांनी एकदा पुडीकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पुडी परत दिली. लाडू मात्र गेले.

ती पुडी पुढे सतरा वर्षं माझ्या पाकिटात होती. नोकरीची पहिली मुलाखत, रेसिडेन्सीचा अर्ज, लेकीचा जन्म, घराचा लिलाव, सगळीकडे ती माझ्याबरोबर गेली. तिच्यावर माझा विश्वास होता का? कुणी रोखून विचारलं असतं तर मी खांदे उडवले असते. "असू दे, काही बिघडत नाही." माझी देवपूजाही त्याच जातीची. ऑफिसला जाता जाता एक नमस्कार, चतुर्थीला जमलं तर उपास, मंडळाच्या गणपतीत आरतीला पुढे. आमच्या धंद्यात याला बॅकअप म्हणतात. मुख्य यंत्रणा आपण चालवायची. ती कोसळलीच, तर असावी म्हणून दुसरी एक सोय करून ठेवायची. देव ही माझी दुसरी सोय होती.

बॅकअपबद्दल आमच्याकडे एक साधा नियम आहे. जो बॅकअप परत चालू करून पाहिलेला नाही, तो बॅकअप आहे असं धरून चालू नये. कितीतरी कंपन्या वर्षानुवर्षं रोज रात्री बॅकअप घेतात आणि ज्या दिवशी गरज पडते त्या दिवशी कळतं, की टेपवर काहीच नाही.

माझा तो दिवस २०२१ च्या एप्रिलमध्ये आला.

तो काळ आपण सगळ्यांनीच पाहिला. भारतात करोनाची दुसरी लाट. न्यूझीलंडच्या सीमा २०२० च्या मार्चपासून बंद. ११ एप्रिल २०२१ पासून भारतातून येणाऱ्यांना, या देशाच्या नागरिकांसकट, तात्पुरती बंदी झाली होती. ती २८ एप्रिलला उठली, तरी विलगीकरणातली जागा आधी मिळाल्याशिवाय परतीच्या विमानात बसता येत नव्हतं. साताऱ्यात बाबांना ताप आला. दोघांनीही मार्चमध्ये लशीचा पहिला डोस घेतला होता, तेव्हा आम्ही निर्धास्त होतो. चौथ्या दिवशी त्यांचा ऑक्सिजन खाली आला. माझ्या चुलतभावाने कुठून कुठून फोन करून एका हॉस्पिटलात खाट मिळवली.

मी इथे होतो. साताऱ्यात संध्याकाळचे सात वाजले, की इथे रात्रीचा दीड. त्या वेळी डॉक्टरांचा फोन यायचा. बायको आणि लेक झोपलेल्या असायच्या. मी स्वयंपाकघरात उभा राहून फोन घ्यायचो, आकडे कागदावर लिहायचो आणि मग नवस बोलायचो.

हो, नवस. मी, दोन पदव्या घेतलेला माणूस. पहिल्या रात्री गणपतीपुळ्याला एकवीस नारळ. दुसऱ्या रात्री अक्कलकोटला अभिषेक. आकडे खाली गेले तसा भाव वर गेला. पाचव्या रात्री मी पंढरपूरची पायी वारी कबूल केली. पाकिटातली पुडी काढून टेबलावर ठेवली. चार ठिकाणी ऑनलाइन पूजा सांगितल्या आणि त्यांच्या पावत्या एका फोल्डरमध्ये जपून ठेवल्या. आज हे लिहितानाही त्या फोल्डरची लाज वाटते. एक सर्व्हर पडला तर दुसरा, दुसरा पडला तर तिसरा, अशा हिशेबाने मी देव लावले होते.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात बाबा गेले. चुलतभाऊ आणि आणखी एक जण, एवढीच माणसं स्मशानात होती. मी ते फोनच्या पडद्यावर पाहिलं. नेटवर्क मधेच तुटत होतं.

सुतकात देवपूजा बंद असते. चौदाव्या दिवशी मी व्हिडिओ कॉल केला, तर आई देवाजवळ दिवा लावून, नेहमीच्या पाटावर, नेहमीसारखी हरिपाठ म्हणत बसलेली. पन्नास वर्षं रोज संध्याकाळी बसायची तशीच. माझ्या डोक्यात काय गेलं कोण जाणे. मी ओरडलो, "अजून दिवा लावतेस त्याच्यापुढे? आयुष्यभर म्हणत आलीस, काय दिलं त्याने तुला?"

आई थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "जेवलास का?" आणि फोन ठेवला.

नवरा गेल्याला पंधरा दिवस झाले नव्हते अशा बाईला, दहा हजार किलोमीटरहून लांब बसून, मी हे बोललो होतो. त्या रात्री मी अंगाऱ्याची पुडी कचऱ्याच्या डब्यात टाकली. माझ्या मते मी नास्तिक झालो होतो.

२०२२ च्या मार्चमध्ये विलगीकरणाची अट गेली आणि बाबांच्या वर्षश्राद्धाला मी साताऱ्याला पोचलो. श्राद्ध झालं, पाहुणे गेले. संध्याकाळी मागच्या अंगणात आई तांदूळ निवडत बसली होती. मी शेजारी बसलो. वर्षभर घशात अडकलेलं बोलायचं होतं, पण माफी मागायची सवय नाही आपल्याला. मी म्हटलं, "आई, त्या दिवशी मी फोनवर बोललो ते…"

"रागावला होतास. कळतं मला."

"पण तुला राग नाही आला? देवाचा?"

"न यायला काय झालं? आला की. आठ दिवस बोलले नाही मी त्याच्याशी. सुतक होतं ते बरंच झालं." तिने एक खडा बाजूला टाकला. "पण राग आला म्हणून कोणी घर सोडून जातं का?"

मी म्हटलं, "पण त्याने तुझं ऐकलं नाही. मी तर इतके नवस बोललो होतो."

आईने सूप खाली ठेवलं आणि माझ्याकडे जरा आश्चर्यानेच पाहिलं. "अरे, पण मी कधी मागायला बसत होते का?"

एवढंच बोलली. मग दिवेलागणीची वेळ झाली म्हणून उठली. मी मात्र तिथेच बसून राहिलो. पन्नास वर्षं मी जिला देवापुढे बसलेली पाहिलं होतं, ती तिथे काय करते हे मला ठाऊकच नव्हतं. मी धरून चाललो होतो, की तीही माझ्यासारखीच काहीतरी मागत असणार, फक्त जास्त चिकाटीने.

आई भोळी आहे असं कुणी समजू नये. बँकेचं पासबुक ती दर महिन्याला भरून आणते. लस घ्यायला बाबांना तीच घेऊन गेली होती. "विठोबा सांभाळतो, पण गॅसची कळ मी बंद करते," असं ती हसत म्हणते. तेव्हा पूर्ण विश्वास म्हणजे हातपाय न हलवता बसणं, औषध न घेणं, हा जो समज आहे तो तिच्याकडे पाहिलं तर टिकत नाही. तिचा विश्वास आणि तिची खबरदारी यांचं कधी भांडणच झालं नाही. मग तिच्यात आणि माझ्यात फरक कुठे होता? तेव्हा मला तो नीट सांगता आला नसता. तो समजला दोन महिन्यांनी, इथे, न्यूझीलंडमध्ये.

त्या वर्षी माझं काम न्यू प्लिमथला चाललं होतं. ग्राहकाकडच्या टीममध्ये एक माओरी बाई होत्या, वयाने माझ्याहून मोठ्या. कामाच्या गप्पांतून घरच्या गप्पा निघाल्या, बाबांचा विषय निघाला. एक दिवस त्या म्हणाल्या, "शनिवारी १८ तारीख आहे. आमच्याबरोबर पारिहाकाला चला." तो जून महिना होता. बर्फाने पांढऱ्या झालेल्या तारानाकी पर्वताला वळसा घालून आम्ही त्या गावात पोचलो. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मधे हिरव्या टेकाडांत थोडी घरं. दर महिन्याच्या १८ आणि १९ तारखेला तिथे लोक जमतात. ही प्रथा एकोणिसाव्या शतकापासून चालत आली आहे.

पारिहाकाची हकीकत आपल्यातल्या मुलांना शाळेमुळे माहीत असते, आपल्याला सहसा नसते, म्हणून थोडक्यात सांगतो. १८६० च्या दशकातल्या युद्धांनंतर सरकारने तारानाकीतल्या माओरींच्या जमिनी जप्त केल्या. ते व्हिटी ओ रोंगोमाई आणि तोहू काकाही या दोघांनी त्या काळात पारिहाका वसवलं. दोघेही बायबल कोळून प्यालेले, देवावर विलक्षण श्रद्धा असलेले. पण श्रद्धाळू म्हणून अव्यवहारी मुळीच नव्हते. ते व्हिटींनी पूर्वी पिठाची गिरणी चालवली होती. पारिहाकातली शेती उत्तम होती आणि १८८० च्या सुमारास ते देशातलं सर्वांत मोठं माओरी गाव होतं.

जप्त जमिनींची मोजणी सुरू झाली, तेव्हा या लोकांनी शस्त्र उचललं नाही. मोजणीच्या खुंट्या उपटल्या आणि गोऱ्या वसाहतवाल्यांच्या ताब्यातल्या जमिनींवर नांगर फिरवला. नांगरणाऱ्यांना पकडलं, की दुसऱ्या दिवशी दुसरे नांगर घेऊन यायचे. शेकडो जणांना खटला न चालवता दक्षिण बेटावरच्या तुरुंगांत पाठवलं. अखेर ५ नोव्हेंबर १८८१ ला सुमारे सोळाशे सशस्त्र शिपाई आणि स्वयंसैनिक गावावर चालून आले. तोफ टेकडीवर लावली होती. आणि गावाच्या वाटेवर त्यांना सामोरी आली ती लहान मुलं, गाणी म्हणत. मागे दोरीवरच्या उड्या मारणाऱ्या मुली. शिपायांसाठी पाचशे पाव भाजून ठेवले होते. मोठी माणसं गावच्या मधल्या मैदानात, माराएवर, शांत बसून होती. कुणी हात उचलला नाही. गांधीजी त्या वेळी बारा वर्षांचे होते.

आता, मी ही हकीकत ऐकत होतो ती शेवट गोड होणार या अपेक्षेने. आपल्या पुराणकथांची सवय. हत्तीने हाक मारली, की विष्णू धावत येतो. पण पारिहाकात तसं काही झालं नाही. ते व्हिटी आणि तोहू यांना अटक झाली आणि खटला पूर्ण न करता १८८३ च्या मार्चपर्यंत अडकवून ठेवण्यात आलं. घरं पाडली, पिकं उद्ध्वस्त केली, दीड हजारांहून अधिक लोकांना हुसकावून लावलं. स्त्रियांवर अत्याचार झाले. सरकारने गावात येऊन माफी मागितली ती ९ जून २०१७ ला, म्हणजे १३६ वर्षांनी.

माझ्या तोंडून प्रश्न निघूनच गेला, "मग देवाने त्यांना वाचवलं नाही?"

बाईंनी मला त्यांच्या कपड्यावर लावलेली पांढरी पिसं दाखवली. राउकुरा म्हणतात त्याला. देवाचा गौरव, पृथ्वीवर शांती, माणसांबद्दल सद्भावना, असा त्याचा अर्थ. मग म्हणाल्या, "वाचवील या बोलीवर ते बसलेच नव्हते. ते दोघं परत आले, गाव पुन्हा बांधलं, नांगरही पुन्हा धरला. कसं वागायचं ते आधीच ठरलं होतं. सैन्य आलं म्हणून ते बदलणार नव्हतं."

मला साताऱ्याचं अंगण आठवलं. तेच उत्तर होतं. फक्त तिथे सूप होतं आणि इथे पांढरी पिसं.

तेव्हा मला फरक दिसला. आपण अर्धवट श्रद्धा म्हणतो तेव्हा आपल्याला वाटतं, की हा मापाचा प्रश्न आहे. कुणाची शंभर टक्के, कुणाची साठ, माझी तीस. पण त्या पाच रात्री माझी श्रद्धा कमी नव्हती. इतक्या कळकळीने मी आयुष्यात कधी देवाला हाक मारली नव्हती. ती अर्धी होती ती वेगळ्या अर्थाने. तिला एक अट जोडलेली होती. "हे झालं तर." माझा विश्वास बाबांच्या बरं होण्यावर होता, देवावर नव्हता. देव त्या कामासाठी नेमलेला कंत्राटदार होता, आणि काम झालं नाही म्हणून मी कंत्राट रद्द केलं. नास्तिक होण्यासाठी आधी आस्तिक असावं लागतं. मी दोन्हीही नव्हतो. मी फक्त नाराज ग्राहक होतो.

पूर्ण विश्वासाला अशी अट नसते. तो फळाची हमी मागत नाही, तो वागणं ठरवतो. आणि म्हणूनच तो महाग पडतो. नवसाची किंमत काम झाल्यावर द्यायची असते. पूर्ण विश्वासाची किंमत आधी मोजावी लागते, काम होवो न होवो.

आपल्याकडचं उदाहरण द्यायचं तर साने गुरुजींचं देईन. पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरात दलितांना प्रवेश नव्हता. शतकानुशतकं चोखोबांचं नाव घेत, त्यांचे अभंग गात वारी चालली होती आणि चोखोबांचे लोक दाराबाहेर उभे होते. गाणाऱ्यांची भक्ती खोटी होती असं मी म्हणणार नाही. पण ती उंबऱ्यापर्यंत येऊन थांबत होती. विठ्ठल सगळ्यांची माउली आहे, हे टाळ वाजवताना मान्य, दार उघडताना अमान्य. गुरुजींनी ते वाक्य पूर्ण मानलं. महिनोन् महिने महाराष्ट्रभर फिरून लोकांची मनं वळवली, आणि १ मे १९४७ पासून पंढरपुरात उपोषणाला बसले. दहा दिवसांनी मंदिर खुलं करण्याचं ठरलं. इथे यश आलं, पारिहाकात त्या वेळी आलं नाही. पण मला वाटतं, दोन्हीकडचा विश्वास एकाच जातीचा होता. गुरुजी यश येईल या हिशेबाने बसले नव्हते, आणि तोहू, ते व्हिटी अपयश आलं म्हणून उठले नाहीत.

यावर कुणी म्हणेल, मग देवाकडे काही मागूच नये का? मूल आजारी असताना हात जोडणाऱ्या आईला हे तत्त्वज्ञान कुणी सांगावं? मीही सांगणार नाही. दुखलं की माणूस "आई गं" म्हणतो, त्यात सौदा नसतो. आपले संत तर विठोबाशी कडाकडा भांडलेत. मागणं वाईट नाही, रागावणंही वाईट नाही. प्रश्न एवढाच, की मागणं पुरं झालं नाही तर नातं उरतं का. आईचं आठ दिवस उरलं नव्हतं म्हणावं, तर अबोला धरायलाही समोर कुणीतरी असावं लागतं.

आणि दुसरा कुणी म्हणेल, विश्वास नसेल तर? मला वाटतं, त्याने सरळ तसं म्हणावं. गोपाळ गणेश आगरकर देव मानत नसत. पण जे पटलं ते त्यांनी 'सुधारक'मध्ये बेधडक लिहिलं आणि त्याप्रमाणे जगले. जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली गेली, तरी ते मागे हटले नाहीत. एकोणचाळिसाव्या वर्षी गेले. त्यांच्या नास्तिकपणात मला माझ्या नवसांच्या फोल्डरपेक्षा कितीतरी अधिक श्रद्धा दिसते. देवावर नव्हे, सत्यावर. आईला आगरकर पटणार नाहीत. पण आगरकर आणि आई एका बाजूला बसवले, तर मी समोरच्या बाजूला एकटा असेन, हे मला कळतं.

परदेशात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हा अर्धेपणा अधिक सोयीचा असतो. गावाकडे देव रोजच्या जगण्यात असतो, शेजारणीच्या हाकेत आणि देवळाच्या घंटेत. इथे तो आपण कपाटातल्या चांदीच्या भांड्यांसारखा ठेवतो. सणाला बाहेर काढायचा, पुसायचा, परत ठेवायचा. मुलांना 'संस्कार' म्हणून दाखवायचा. मुलं हुशार असतात. जे आपण दाखवतो त्यापेक्षा जे आपण धरून जगतो, ते त्यांना आधी दिसतं.

म्हणून जनगणनेच्या त्या रात्री लेकीला मी खरं ते सांगितलं. नवसांबद्दल, फोल्डरबद्दल, आजीला काय बोललो त्याबद्दलही. तिला हे काहीच ठाऊक नव्हतं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आजीला सॉरी म्हणालास?"

"नाही. म्हणायला गेलो होतो."

"मग आधी ते कर ना."

साताऱ्यात दुपार होती. मी तिथेच फोन लावला. आईने उचलला. मी म्हटलं, "आई, दोन वर्षांपूर्वी चौदाव्या दिवशी मी जे बोललो, ते चुकलं माझं." पलीकडे थोडी शांतता. मग, अपेक्षेप्रमाणे, "जेवलास का?" पण या वेळी आवाज भिजलेला होता, आणि फोन तिने लगेच ठेवला नाही.

लेकीने फॉर्मवर काय लिहिलं ते मी पाहिलं नाही. तो तिचा फॉर्म. माझ्यावर मी 'हिंदू' लिहिलं, आणि पहिल्यांदाच त्या शब्दाची जरा भीती वाटली.

माझी श्रद्धा आज पूर्ण झाली आहे असा दावा नाही. ती अजून पुष्कळ अर्धी आहे. प्रोजेक्ट अडकला की जीभ सवयीने "एवढं होऊ दे" म्हणतेच. वारी मात्र करायची ठरवली आहे. नवस म्हणून नाही, कारण त्या नवसाचा व्यवहार कधीच बुडाला. आई एकदा तरुणपणी गेली होती, त्या वाटेने चालून पाहावं म्हणून. संध्याकाळी कामावरून आलो, की देवाजवळ दिवा लावतो आणि पाच मिनिटं बसतो. काय मागायचं ते सुचत नाही, म्हणून नुसताच बसतो. पहिले काही महिने फार अवघड गेलं. काही न मागता कुणाजवळ बसायची मला सवयच नव्हती. ना देवाजवळ, ना माणसांजवळ.

कधी कधी लेक येऊन शेजारी बसते. ती काय मानते, मी विचारत नाही. एकदा तिनेच विचारलं, "बाबा, तू आता काय मागतोस?"

मी म्हटलं, "काही नाही गं. बसलोय."

"ओके," ती म्हणाली, आणि बसून राहिली.